अर्धं गाव पाण्यात

"ज्यानं समुद्र बघितला न्हाय, त्याचा जन्म मोजणीत धरू नये."

ईट गावच्या महालिंगप्पा कापडवाल्यांनी दुकानाच्या ओट्यावरून हा निवाडा दिला, तेव्हा समोर बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या आणि आपापला जन्म मोजणीतून वजा करून टाकला. ईटहून समुद्र इतका लांब, की ओढ्याला कमरेएवढं पाणी आलं तरी लोक बायकापोरांसह बघायला जात. महालिंगप्पांनी मात्र समुद्र पाहिला होता. कापडाच्या खरेदीला एकदा मुंबईला जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्यांना दूरवर पांढरं, सपाट, चकाकणारं असं काहीतरी दिसलं आणि त्यांनी डब्यातच हात जोडले. शेजारच्या उतारूनं ते मिठागर असल्याचं सांगितलं. महालिंगप्पांनी त्या उतारूला मनातल्या मनात नास्तिक ठरवलं आणि त्याचं बोलणं काही ईटपर्यंत येऊ दिलं नाही.

जगात त्या वेळी लढाई चालू होती, निजाम सरकारच्या मुलखात ज्वारीची सक्तीची लेव्ही चालू होती, आणि ईटमध्ये महालिंगप्पा चालू होते. काशी करून आलेला गावातला तो एकच माणूस. श्रीशैलही झालेलं. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक थांबायचं ते कापडासाठी कमी आणि काशीसाठी जास्त. गंगेचा घाट, तिथली माकडं, कोतवालाची मिशी हे सगळं महालिंगप्पा, म्हणजे गावाचे आप्पा, असं सांगायचे, की ऐकणारा घरी जाऊन पाय धुवायचा.

पण आप्पांचा खरा जीव होता तो वाटेच्या नारळात.

ईटला एक रिवाज होता. गावातलं कुणी यात्रेला निघालं, की साऱ्यांनी त्याला शिवेपर्यंत पोचवायचं आणि शिवेच्या दगडावर वाटेचा नारळ फोडायचा. हात डोक्याच्या वर नेऊन, एका घावात. तो मान गावात जो सगळ्यांत लांब जाऊन आला असेल त्याचा. नारळ न फोडता कुणी गेलं, तर तो चारी धाम करून आला तरी गाव त्याला यात्रा म्हणत नसे. "फिरून आला" एवढंच म्हणत असे. काशीहून परतल्यापासून हा मान महालिंगप्पांकडे होता. नारळ वर धरून ते आधी वाटेचं वर्णन करीत, मग वाटेतल्या धोक्यांचं, मग स्वतःला आलेल्या अनुभवांचं. एकदा त्यांचं हे वर्णन इतकं रंगलं, की यात्रेकरूंची येडशीची गाडी चुकली आणि मंडळी स्टेशनावर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी गेली. तरी कुणी तक्रार केली नाही. मोठ्या माणसाच्या हातून नारळ फुटायचा, तर एवढं चालायचंच.

अशात उत्तरेश्वर द्वारकेला गेला.

उत्तरेश्वर म्हणजे आप्पांच्या दुकानामागच्या घरातला शेतकरी. लहानपणी दोघं एकाच ओढ्यात डुंबलेले. आप्पांहून थोडा धाकटा, बेतास बात जमिनीचा, आणि बोलण्यात इतका कंजूष, की बैलालासुद्धा तो तोंडानं न हाकता नुसत्या बघण्यानं हाकतो असं लोक म्हणत. बार्शीच्या त्याच्या मावशीला द्वारकेचा नवस फेडायचा होता, सोबतीला गडीमाणूस हवा होता, म्हणून हा गेला. त्याच्या वाटेचा नारळ आप्पांनीच फोडला, आणि खुशीनं फोडला. भाषणात "कुठं काशी न् कुठं द्वारका, आपल्या काशीची सर येत न्हाय पण जाऊन ये बाबा," असं म्हणून पाठीवर थापही मारली. पुढं कित्येक दिवस त्या थापेचा त्यांना पश्चात्ताप होत राहिला.

उत्तरेश्वर परतला तेव्हा गाव हलगी घेऊन शिवेवर गेलं. बायकांनी त्याचे पाय धुतले. उजव्या दंडावर त्यानं द्वारकेची छाप घेतली होती. तांब्याची मुद्रा विस्तवावर लाल करून कातडीवर टेकवतात, तशी. शंखाची ती गोल खूण लोक बोटानं चाचपत आणि तेच बोट कपाळाला लावत. मग त्याला पारावर बसवून विचारलं, काय काय बघितलंस.

उत्तरेश्वरानं बराच विचार केला.

"गाव हाय," तो म्हणाला. "देवाचंच. अर्धं वर हाय, अर्धं पान्यात."

"अन् मग?"

"लई पानी होतं."

झालं. त्या दिवशी तो याउपर काही बोलला नाही. महालिंगप्पा मागे उभे होते. त्यांना हसू आवरेना. एवढा लांब गेलेला माणूस आणि आणलं काय, तर दोन वाक्यं. पण आप्पांचा हिशेब इथंच चुकला. त्यांची काशी ऐकून लोकांना ऐकायलाच काही उरत नसे. उत्तरेश्वराची द्वारका ऐकून सगळंच उरलं होतं. लोक घरी गेले आणि त्यांनी ते अर्धं गाव आपापल्या मनानं वसवायला घेतलं. धोंडीबाच्या बायकोनं, हरणाबाईनं, दुसऱ्या दिवशी विचारलं, की पाण्यातल्या अर्ध्यात माणसं राहतात का. उत्तरेश्वर प्रामाणिक. "दिसलं न्हाय कुनी," म्हणाला. म्हणजे असतील, एवढा अर्थ गावानं काढला. पोळ्याच्या आत पाण्याखाली गल्ल्या झाल्या, बाजार भरला, देवळातली घंटा भरतीच्या वेळी आपोआप वाजू लागली. उत्तरेश्वराला कुणी "व्हय का रं?" विचारलं, की तो "म्या काय ऐकली न्हाय" म्हणायचा, आणि लोक म्हणायचे, बघा, किती जपून बोलतोय.

आणि हे सगळं कुठं, तर महालिंगप्पांच्या ओट्यावर. सावली तिथं चांगली होती.

आप्पा आत गादीवर बसून मांजरपाट मोजत आणि बाहेर त्यांच्याच ओट्यावर समुद्र उसळत असे. त्यांनी मधूनच काशी काढून बघितली. लोकांनी आदरानं ऐकली आणि हरणाबाईनं विचारलं, "आप्पा, काशी बुडालीय का कुठं?" नाही म्हणणं भाग होतं. बुडालेली नाही म्हटल्यावर काशीत काही दम राहिला नाही.

त्याहून जिव्हारी लागलं ते घरचं. त्यांची बायको सिद्धम्मा ही आळंदकडची, कानडी मुलखातली, फटकळ. काशीहून आप्पा परतले, तेव्हा तिनं पहिला प्रश्न केला होता तो पितळी तांब्या कुठं विसरलात हा. तीच सिद्धम्मा उत्तरेश्वराला माजघराच्या उंबऱ्यापाशी बसवून दूध देई आणि पदर खांद्यावर ओढून म्हणे, "भावजी, ते पाण्यातलं दार पुन्हा सांगा की." आणि तो गडी म्हणे, "दार हाय. पानी आत जातंय, भाईर येतंय." एवढ्यावर तिचे डोळे भरून येत. आप्पांनी तिला गंगेची आरती साग्रसंगीत सांगितली होती. तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

शेवटी ते झालंच. धोंडीबा आणि हरणाबाई काशीला निघाली. गाव शिवेवर जमलं. आप्पा धुवट धोतर, जरीकाठी उपरणं घालून, भाषणाची मनात उजळणी करत पुढं आले आणि त्यांनी सवयीनं हात पुढं केला. नारळ मात्र धोंडीबानं उत्तरेश्वराच्या हातात दिला.

आप्पा म्हणाले, काशीचा नारळ काशीवाल्यानं फोडायचा. कुणी म्हणालं, मान लांब गेलेल्याचा. आप्पा म्हणाले, मग काशीच लांब, मास्तरांना विचारा. शाळेचे मास्तर तिथंच होते. त्यांनी हवेत नकाशा काढून, बोटानं अंतर मोजून, काशीच लांब असा निर्वाळा दिला. आप्पांनी पुन्हा हात पुढं केला. तेव्हा धोंडीबा अगदी नम्रपणानं म्हणाला,

"मास्तर, काशीच्या फुडं गावं हायत का?"

"आहेत की. पाटणा आहे, कलकत्ता आहे."

"अन् द्वारकेच्या फुडं?"

"पाणी."

"मग झालं की. आप्पा मधीच थांबून माघारी आलं. ह्यो पार सरंपर्यंत गेला."

मास्तरांच्या भूगोलात याला उत्तर नव्हतं. उत्तरेश्वर अवघडून आप्पांकडे बघत होता. लोकांनी त्याला दगडापाशी ढकललं. त्यानं हात वर नेला, नारळ फोडला आणि म्हणाला, "जावा. जपून." गाडी उन्हाच्या आत निघाली. परतताना लोक बोलत होते, की काय थोडक्यात आवरलं.

त्या दिवसापासून महालिंगप्पांना जेवण गोड लागेना. उत्तरेश्वराच्या मळ्यात हरभरा चांगला आला तर तो द्वारकेमुळं. त्याची म्हैस व्याली तर तीही द्वारकेमुळं. तो अंगरखा न घालता उघड्या दंडानं दुकानावरून जायला लागला, की आप्पांना वाटे, मुद्दाम. खरं म्हणजे तो लहानपणापासून उघडाच हिंडत होता. पण दंडावर शंख असलेला उघडा माणूस आणि नुसताच उघडा माणूस यात फरक असतो, असं आप्पांचं मत झालं. मनाच्या तळाशी त्यांची एकच आशा होती: तिथं गावबिव काही नसणार. मिठागर असेल.

ते बघून यायचं त्यांनी ठरवलं. अडचण एकच. द्वारकेला जातो म्हणावं, तर वाटेचा नारळ आता उत्तरेश्वराच्या हातून फुटणार. त्याच्यापुढं मान वाकवून उभं राहायचं, "जावा. जपून," ऐकायचं आणि मग निघायचं. हे काही महालिंगप्पांच्यानं होणार नव्हतं. तेव्हा त्यांनी सोलापूरला कापडाच्या खरेदीला जातो, जमलं तर गाणगापूरलाही जाऊन येतो, चार दिवस जास्त लागतील, असं घरात सांगितलं आणि गाडी जुंपली. येडशीला छोटी आगगाडी धरली. बार्शीच्या अलीकडं निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं वळकटी उलगडून विचारलं, काय चाललंय. आप्पा म्हणाले, काही नाही. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यांत थोडकं प्रवासवर्णन.

पुढं मोठी गाडी, लष्कराच्या गोऱ्यांनी भरलेली. मग आणखी एक, मग आणखी एक. आप्पांनी बरेचसे देश दाराशी उभं राहून पार केले. त्यांना काशीच्या वेळी खिडकी मिळाली होती.

द्वारकेत उतरल्यावर पंड्यानं त्यांना लगेच ताब्यात घेतलं. तो मुलूख गायकवाड सरकारचा, भाषा गुजराती. आप्पांनी आपली ठेवणीतली हैदराबादी काढली. "हमारे गांव का एक जना आयाता, उत्तरेश्वर करके. उसकू जो जो दिखाये, वो सब दिखाव. उसके उप्पर जो है, वो बी."

पंडे कुणालाही ओळखतात. "उत्तरेश्वर, हां हां, बहुत अच्छा आदमी," पंडा म्हणाला. महालिंगप्पांचं तोंड कडू झालं. म्हणजे इथंही त्याचं नाव होतं.

पंड्यानं त्यांना गोमती समुद्राला मिळते तिथं नेलं. वाटेत देऊळ लागलं, आप्पांनी बाहेरूनच हात जोडले. ते देवासाठी आले नव्हते. घाट आला, पायऱ्या आल्या, आणि पायऱ्यांच्या टोकाला ते आलं.

महालिंगप्पा बघतच राहिले. ते मिठागर नव्हतं.

ओहोटी लागली होती. पायऱ्या उतरत उतरत पाण्यात शिरत होत्या, आणि पाणी जसजसं मागं सरकत होतं तसतशा खालून आणखी पायऱ्या निघत होत्या, हिरव्या शेवाळाच्या, कडा झिजलेल्या. उजव्या हाताला एका भिंतीचा पाया उघडा पडला. मग एक उंबरा. वरचं घर नव्हतं, चौकटीचे दोन दगड तेवढे उभे. त्या दारातून समुद्र घरच्या माणसासारखा आत जाई, आत काही नाही असं बघून पुन्हा बाहेर येई, आणि त्याला काही आठवल्यासारखा परत आत जाई. त्याच्या पलीकडं पाण्यात काळसर पट्टा होता. घाटावरचा एक नावाडी सांगत होता, की ती देवाच्या वेळची वस्ती, थेट पार तिकडपर्यंत. खरंखोटं देव जाणे. आप्पांना मात्र ओळखू आलं. सिद्धम्मा दूध देऊन पुन्हा पुन्हा विचारत होती, ते हेच दार. आणि आपल्याआधी ते त्यानं पाहिलं.

"वो कित्ते तक गयाता पानी में?" त्यांनी पंड्याला विचारलं.

पंड्यानं अंदाजानं गुडघा दाखवला.

महालिंगप्पांनी धोतर खोचलं आणि ते पाण्यात शिरले. गुडघा मागं पडला, तेव्हा त्यांना बरं वाटलं. मांड्या, कंबर. पंडा काठावरून हाका मारत होता. आप्पा त्या उंबऱ्यापर्यंत गेले, चौकटीला हात टेकवला आणि वाकून पाण्याखालचा दगड चाचपला. उंबरा मधोमध खोलगट झालेला. आपल्या दुकानाचा झालाय तसा. कोण कोण इथून आतबाहेर गेलं असेल, कुणाकुणाच्या पायांनी तो झिजला असेल, पाणी येतंय म्हटल्यावर कोण सगळ्यांत शेवटी बाहेर पडलं असेल, असं काहीबाही मनात आलं. काही क्षण महालिंगप्पा मत्सर करायचं विसरले. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात लाट आली. ती त्यांचा पटका घेऊन त्या दारातून आत गेली. आप्पांच्या नाकातोंडात पाणी गेलं, आणि समुद्र खारट असतो ही गोष्ट त्यांना पोटात जाऊन कळली. खोकत खोकत काठावर आले, तेव्हा मनात उत्तरेश्वर पुन्हा जागेवर येऊन बसला होता.

छाप देणारा देवळाच्या वाटेवर विस्तवाशी बसला होता. खरं तर महालिंगप्पा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, मठाच्या शांतलिंग स्वामींच्या पायांशी बसणारे. विष्णूचा शंख अंगावर डागून घ्यायचं त्यांना काही कारण नव्हतं. पण छापेशिवाय ईटमध्ये कोण विश्वास ठेवणार? त्यांनी विचारलं, उत्तरेश्वरानं कोणत्या हातावर घेतली. पंडा म्हणाला, उजव्या.

"मंग दोनोंपर लगाव," महालिंगप्पा म्हणाले, आणि गळ्यातलं लिंग त्यांनी हळूच पाठीवर टाकलं.

उजव्या दंडाच्या वेळी त्यांना काशीतले सगळे देव आठवले. डाव्याच्या वेळी कुणीच आठवलं नाही.

परतीच्या गाडीत ते सांगायचं काय याची जुळवाजुळव करू लागले. हात ठणकत होते, पण भाषण झकास व्हायला हवं होतं. दाराचं असं सांगावं, पायऱ्यांचं तसं. त्यांनी नाना तऱ्हेनं मांडून बघितलं. घाट सांगून झाला, माकडं नव्हतीच, कोतवाल दिसला नव्हता. आणि ते पाणी आतबाहेर करत होतं ते सांगायला घ्यावं, तर शब्दच पुढं सरकेना. घोळून घोळून तोंडात यायचं ते एवढंच, की लई पाणी होतं. हे वाक्य आधीच कुणीतरी घेऊन टाकलेलं होतं. महालिंगप्पांना उत्तरेश्वराचा नव्यानं राग आला.

आणि कुर्डुवाडीला गाडी बदलताना त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गावात सांगितलं की लोक पहिल्यांदा म्हणणार, छाप दाखवा. छाप दाखवावी तर शांतलिंग स्वामी काय म्हणतील? सिद्धम्मा काय म्हणेल? न दाखवावी, तर म्हणतील, सोलापूरला जाऊन बाता मारतोय. वर नारळाचं होतंच. नारळ फुटलेला नाही, म्हणजे यात्रा झालेलीच नाही. एवढं मरमर करून महालिंगप्पा नुसते फिरून आले होते.

तेव्हा ते सोलापूरहून आले.

घरी आल्यावर त्यांनी लांब बाह्यांची पैरण अंगावरून काढली नाही. सिद्धम्मा म्हणाली, "येवढ्या उन्हात? सोलापुरात थंडी भरली व्हय?" ते म्हणाले, हवा बदललीय. दंडाला तूप लावायची सोय नव्हती. तूप कुठं जातंय हे तिला कळल्याशिवाय त्या घरात तूप हलत नसे. आप्पा दोन्ही हात अंगापासून लांब धरून, पंख वाळवणाऱ्या कोंबड्यासारखे चालू लागले. कापड मोजताना हात ताणायची पाळी आली, की गिऱ्हाइकालाच एक टोक धरायला लावत.

सगळ्यांत वाईट ते ओट्यावरचं ऐकणं. आधी त्यांना माहीत नव्हतं म्हणून जळायचे. आता माहीत असून जळत होते. लोक बिनदिक्कत चुकीचं सांगत. पाण्यातला बाजार गुरुवारी भरतो म्हणत. समुद्र गोड असतो, फक्त पाप्याला खारट लागतो, असं एकानं सांगितलं तेव्हा आप्पांनी आवंढा गिळला. ती चव अजून घशात होती. एक दिवस शांताक्का आली. ही आप्पांच्याच जातीतली म्हातारी विधवा, ती श्रीशैलाला निघायची होती. तिनं उत्तरेश्वराला विचारलं, घाटावरनं बघितलं तर ते दार कुठल्या हाताला.

उत्तरेश्वर आठवून म्हणाला, "डाव्या."

"उजव्या," महालिंगप्पा आतून ओरडले. "डाव्या हाताला नुसती वाळू हाय. दार उजव्या हाताला. अन् ओहोटीशिवाय दिसत न्हाय ते."

सगळ्यांनी आत वळून बघितलं.

"तुमाला काय ठावं, आप्पा?" शांताक्का म्हणाली.

"सोलापूरला एक जण सांगत होता," महालिंगप्पा म्हणाले आणि मांजरपाट मोजू लागले.

लोक हसले. त्यांच्या मते आता आप्पांचं वय झालं होतं. फक्त उत्तरेश्वर हसला नाही. त्यानं आधी आप्पांच्या खाऱ्या वाऱ्यानं सोललेल्या नाकाकडं बघितलं. मग त्या लांब बाह्यांकडं, मग अंगापासून सुटे धरलेल्या हातांकडं. स्वतः परत आला तेव्हा तोही काही दिवस असाच चालला होता; मावशी जुनं तूप चोळायची. जाताना उंबऱ्यात थांबून तो म्हणाला, "उजव्याच हाताला, आप्पा. म्या माघारी येताना बगितलं व्हतं, म्हनून उलटं ध्येनात ऱ्हायलं." आणि गेला. महालिंगप्पांना वाटलं, बरं झालं, मानलं. लगेच वाटलं, हा कोण मानणारा.

शांताक्का निघाली त्या दिवशी सगळं गाव शिवेवर होतं. श्रीशैलाची यात्रा, म्हणून स्वतः शांतलिंग स्वामी मठातून चालत आले होते. सिद्धम्मा शिदोरी घेऊन पुढं होती. महालिंगप्पा आले, पण मागे, बाभळीखाली उभे राहिले. या खेपेला त्यांनी जरीकाठी उपरणं घेतलं नव्हतं. लोकांनी उत्तरेश्वराच्या हातात नारळ दिला.

तो दगडापाशी गेला आणि तिथंच घुटमळला. मग माघारी फिरला, गर्दीतून वाट काढत बाभळीखाली आला आणि नारळ त्यानं आप्पांपुढं धरला.

"श्रीशैल म्या बगितला न्हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच होतं. "अन् द्वारकेचं बी माजं उलटंच निगालं. नीट बगून नीट सांगतंय ते आप्पा. मान त्येंचा. हितनं फुडं बी त्येंचाच."

गाव चकित झालं. धोंडीबा काशीहून परतला होता. तो काहीतरी बोलायला गेला, पण हरणाबाईनं त्याचा हात दाबला. स्वामींनी मान हलवली. सिद्धम्मा वळून आपल्या नवऱ्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात काहीतरी होतं, जे महालिंगप्पांनी काशीनंतरही पाहिलं नव्हतं. हलगी घुमू लागली. आप्पा दगडापाशी गेले, नारळ उजव्या मुठीत घेतला, शांताक्का हात जोडून, डोळे मिटून समोर उभी राहिली. श्रीशैलाची सगळी वाट, तिथली रानं, नदी, डोंगराचा चढ, सगळं त्यांच्या जिभेवर येऊन उभं राहिलं.

त्यांनी हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथं थांबला.

पैरण दंडाला चिकटली होती. कातडं, लस आणि मांजरपाट यांचं आत एक होऊन बसलं होतं. हात तसूभर वर गेला तरी डोळ्यांपुढं काजवे चमकत. त्यांनी नारळ डाव्या हातात घेतला. डावा तर छातीपर्यंतही येईना. हलगीवाल्यानं काडी वर धरली ती तशीच धरून ठेवली. शांताक्कानं एक डोळा उघडून बघितलं आणि मिटला. स्वामी निरखून बघत होते. लोक समजले, आप्पा मनात मंत्र म्हणताहेत. आप्पा खरोखरच काहीतरी पुटपुटत होते, पण तोंड वळलेलं होतं ते मागे उभ्या असलेल्या उत्तरेश्वराकडं.

"उत्तरेश्वरा," ते ओठ न हलवता म्हणाले, "मागनं जरा पाण्याचा हात लावून बाही तेवढी सोडव. हळू."